एक सकाळ पोरांना शिवार दाखवा

परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि पोरे मोकळी झाली. मुंबईला माथाडीत असलेल्यांची, केरळ-तामिळनाडूत गलाईचा धंदा करणाऱ्यांची मुलेही यात्रेच्या निमित्ताने गावी येतात. दोन दिवस यात्रा, दोन दिवस पाहुणे आणि तिसऱ्या दिवसापासून सगळी पोरे पडवीत मोबाईल घेऊन बसलेली. तुमच्याही घरात यापेक्षा वेगळे चित्र नसेल.

शेतकरी बंधूंनो, याच दिवसांत तुमचीही नांगरट होऊन गेलेली असते. ढेकळे तापत पडलेली असतात. शेणखत ओढायचे, बांधबंदिस्ती करायची, बियाण्याची चौकशी करायची एवढेच काय ते हातात. रोहिणी निघेपर्यंत रानात फार घाई नसते. बारा महिन्यांत हाच काळ असा, की सकाळचे तीन तास घरच्यांसाठी काढता येतात. तेव्हा एक सकाळ काढा आणि बायका-पोरे, म्हातारा-म्हातारी, सगळ्या घराला घेऊन शिवारातून एक चक्कर मारून या.

"शिवारात काय बघायचंय, रोजचंच हाय," असे तुम्ही म्हणाल. तुमचे रोजचे आहे हो, पोराचे नाही. आठवीतल्या पोराला एकदा विचारून पाहा. आंबा, चिंच, नारळ सोडून आपल्या रानातली दहा झाडे सांग. गावाची उगवतीकडची शीव कुठे लागते? आपला ओढा पुढे कोणत्या नदीला मिळतो? पोरगे गप्प बसेल. त्याला पुस्तकातला पेंग्विन ठाऊक असतो, पण माळावरचा चंडोल ठाऊक नसतो. यात पोराचा दोष नाही, त्याला कोणी नेलेच नाही. आधी त्याच वयाची पोरे गुरांमागे हिंडायची आणि न शिकवता शिकायची. आता गुरे दावणीला आणि पोरे क्लासला.

नाव माहीत नसले तर बिघडते काय? बिघडते. ज्याला नाव नाही ते नुसते झुडूप. आणि नुसते झुडूप जेसीबीच्या तोंडी गेले तर हळहळायला कोणी उरत नाही. ओढ्याकाठचा करंज गेला तर गावातली चार म्हातारी माणसे हळहळतात, कारण त्यांना तो करंज म्हणून माहीत असतो.

निघायचे कधी, जायचे कुठून

मे महिन्यात निघायचे ते तांबडे फुटताना आणि परतायचे नऊच्या आत. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर मात्र पुरते उजाडल्यावरच घर सोडा आणि पोरे मध्ये ठेवा. माणशी एक बाटली पाणी, डोक्याला टोपी नाहीतर टॉवेल, पायात चप्पल नको, बूट घाला. बरोबर भाकरी, कांदा, चटणी आणि गुळाचा खडा. एवढ्यावर निघा, सहलीसारखे डबे नकोत.

पुढे चालायला घरातले सर्वांत जुने माणूस ठेवा. आजोबा असतील तर आजोबा, नाहीतर आजी. आमचे मत विचाराल तर आजीच बऱ्या. आजोबांना बांधाची भांडणे जास्त आठवतात, आजींना पाला, मुळ्या आणि भाज्या आठवतात. त्यांच्या चालीने चाला. त्या जिथे थांबतील तिथे सगळ्यांनी थांबायचे. तिथेच काहीतरी असते.

वाट ठरवताना पाणंदीने ओढ्यावर, ओढ्याकाठाने वर, मग माळावर आणि तालीतालीने घरी, अशी ठरवा. म्हणजे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पोरांच्या आपोआप ध्यानात येईल. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माणात जेमतेम पाचशेच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यातला हा फरक पोराला भूगोलाच्या पुस्तकात नुसता आकडा वाटतो. कोरड्या ओढ्याच्या वाळूत उभे करून सांगितला की तो कळतो.

ओढ्यावर

ओढ्याच्या काठाला जिथे उभी मातीची दरड आहे तिथे जरा लांबच थांबा. दरडीत रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, आडवी भोके दिसतील. पोरे म्हणतील साप, नाहीतर उंदीर. थोडे गप्प बसा. हिरव्या अंगाचा, शेपटीत काडी खोचल्यासारखा वेडा राघू येईल आणि भोकात शिरेल. चोचीने माती उकरून हात-दोन हात लांब बोगदा करायचा आणि आत अंडी घालायची, असा त्याचा संसार. उन्हाळा हाच त्याच्या विणीचा काळ. वाळूसाठी, मुरमासाठी ओढ्याची दरड ढासळवतात तेव्हा हा सगळा मोहल्ला पिलांसकट गाडला जातो. हे पोरांना तिथेच सांगा. मोठ्या माणसांनीही ऐकून घ्यायला हरकत नाही.

पुढे उंबर लागेल. उंबराला फूल दिसत नाही, फूल दिसले तर भाग्य उजळते, असे आजी सांगतील. एक पिकले उंबर फोडून दाखवा. आत बारीक किडे असतात म्हणून पोरे तोंड वाकडे करतील. पण गंमत तीच आहे. उंबराची फुले फळाच्या पोटातच असतात आणि त्या चिलटाएवढ्या किड्याशिवाय त्यांचे परागीकरण होत नाही. किडा उंबराशिवाय जगत नाही आणि उंबर किड्याशिवाय बी धरत नाही. आजीचेही खरे आणि शास्त्राचेही खरे. फूल दिसत नाही, पण असते.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला गेल्या साली विणलेले सुगरणीचे खोपे अजून लोंबत असतील. वाळून पिवळे पडलेले. पडलेला एखादा खोपा पोरांच्या हातात द्या आणि गाठ सोडवायला सांगा. सुटत नाही. मग विचारा, हा कोणी विणला? सगळे म्हणतील सुगरणीने. खरे म्हणजे विणतो तो नर. अर्धा खोपा विणून तो मादीला बोलावतो, तिला पसंत पडला तर पुरा करतो, नाही पडला तर दुसरीला दाखवतो किंवा नवा धरतो. घरातल्या बायकांना हे सांगितले की त्या पदर तोंडाला लावून हसतात आणि पुरुष मंडळी दुसरीकडे बघतात! आणखी एक बघायला लावा. खोपे बहुतेक करून झाडाच्या उगवतीच्या बाजूला असतात. का, ते पोरांनाच शोधू द्या. आपल्याकडे पावसाळी वारे कोणत्या दिशेने झोडपतात एवढाच इशारा पुरे.

याच सुमाराला कुठूनतरी 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू येईल. हा पावशा. आवाज सर्वांना माहीत, पक्षी पाहिलेला फार थोड्यांना. दिसायला शिकऱ्यासारखा, करड्या रंगाचा. शेतकऱ्याला पेरायची आठवण करणारा हा गडी स्वतः मात्र घरटे बांधत नाही. अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात आणि ते बिचारे त्याचे पोर पोसतात. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या घरट्यात, तसेच हे. कावळ्याचे घरटे दिसले तर ते झाडाच्या कोणत्या फांदीवर आहे ते आजोबांना सांगू द्या. शेंड्यावर बांधले तर पाऊस कमी आणि मधल्या बेचक्यात बांधले तर बरा, असे जुनी माणसे सांगतात. खरे की खोटे याचा वाद घालू नका. पोरांना वहीत लिहून ठेवायला सांगा आणि दसऱ्याला ताळा करा. चार-पाच वर्षे लिहिले तर त्यांचे त्यांनाच कळेल.

माळावर

माळ म्हणजे पडीक, काही कामाचा नाही, असे आपल्या सात-बारावरही लिहिलेले असते आणि डोक्यातही. लांबून बघणाऱ्याला खडे, कुसळ आणि तरवड याशिवाय काही दिसत नाही. पण इथे सावकाश चाला आणि पाय जपून टाका. टिटवी ओरडायला लागली की समजा, जवळपास तिची अंडी आहेत.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या रानात खड्यांच्या खळगीत चार अंडी घालते, टोके आतल्या बाजूला करून. अंड्यांचा रंग हुबेहूब खड्यांसारखा. दोन हातांवर असली तरी दिसत नाहीत. तुम्ही जवळ गेलात की टिटवी डोक्यावर घिरट्या घालते, अंगावर येते, नाहीतर पंख मोडल्याचे सोंग करून तुम्हाला दुसरीकडे ओढून नेते. एवढ्या उन्हात अंडी भाजत का नाहीत, असा प्रश्न एखादे हुशार पोर विचारील. उत्तर फार सुंदर आहे. टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. साधारण चार आठवड्यांनी पिले निघतात आणि थोड्याच वेळात आईमागे पळायला लागतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस दणकून, हा आडाखा तर तुम्हाला माहीतच आहे.

अंडी बघायची ती लांबूनच. हात लावायचा नाही, गराडा घालून उभे राहायचे नाही. माणसे हटेपर्यंत टिटवी अंड्यांवर येत नाही आणि मेच्या उन्हात थोड्या वेळात अंडी वाया जातात.

आता खरी गोष्ट. आपण या दिवसांत काय करतो? बांध पेटवतो. "गवात माजलंय, पेटवून द्या, रान साफ हुतंय." एका काडीत बांध काळा होतो. त्या बांधाच्या कडेला टिटवीची अंडी असतात, तित्तराची असतात, ससा असतो, सरडे असतात, मुंगूस असते. बांधाच्या गवताची मुळे माती धरून ठेवतात. ती जळाली की वळवाच्या पहिल्या सरीला ताल फुटायला वेळ लागत नाही. आणि वाऱ्याने ठिणगी शेजारच्या कडब्याच्या गंजीला लागली तर पुढचे सांगायला नको. उसाच्या पाचटाचेही तेच. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत आच्छादून कुजवले तर खत, पेटवले तर धूर. हे शेतकी खात्याने सांगून झाले, पेपरात छापून झाले, आपण ऐकले नाही. पण ज्या पोराने सकाळी तालीवर टिटवीची अंडी बघितली, ते संध्याकाळी बापाच्या हातातली काडीपेटी बघून काय म्हणेल ते ऐकायची तयारी ठेवा.

माळाच्या उतारावर २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेसाठी खोदलेले समपातळी चर अनेक गावांत आहेत. आपल्या जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातले वेळू २०१६ मध्ये आणि माणमधली टाकेवाडी २०१८ मध्ये राज्यात पहिली आली. तेव्हा तुम्ही रात्री बॅटऱ्या लावून टिकाव मारले असतील. पोरे तेव्हा कडेवर होती, नाहीतर जन्मलीही नव्हती. त्यांना चरावर उभे करा आणि सांगा, "हा चर आम्ही काढला." चरात किती माती भरली आहे तेही बघा. भरलेला चर पाणी अडवत नाही. गाळ पावसाआधी काढायचा की नाही, याचा निर्णय तिथल्या तिथे होऊ शकतो.

परतताना जुन्या पडक्या वाड्याखाली किंवा वडाच्या ढोलीखाली बोटभर लांबीचे, काळपट, केसाळ गोळे पडलेले दिसतील. काडीने फोडून बघा. आत उंदराची हाडे, कवटी, दात. ही गव्हाणी घुबडाची उलटी. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेले हाड-केस बाहेर टाकते. एका गोळ्यात किती कवट्या निघतात ते पोरांना मोजू द्या. मग 'घुबड अपशकुनी' म्हणणाऱ्याला तीच उत्तर देतील. पोपटाच्या ढोलीत मात्र कोणी हात घालू नये. पिले काढून पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घोरपड मारणे, तित्तराला फासे लावणे हाही गुन्हाच.

चार गोष्टी सांभाळा

दगड उलटायचा झाला तर हाताने नाही, काठीने, आणि तोही आपल्याकडे ओढून. खाली विंचू असतो. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारा करत बसू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचवाने दगावणे पुष्कळ कमी झाले आहे, पण त्यासाठी माणूस दवाखान्यात वेळेत पोचला पाहिजे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप पोरांना चित्रात दाखवून ठेवा. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करा.

सापापेक्षा आम्हाला जास्त भीती शेततळ्याची वाटते. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही आणि दर उन्हाळ्यात अशा बातम्या छापाव्या लागतात. पोरांना काठावर जाऊ देऊ नका. आणि ज्यांच्या मालकीचे शेततळे आहे त्यांनी भोवती तारेचे कुंपण करून आत गाठी मारलेला दोर चारी बाजूंनी कायमचा सोडून ठेवावा. हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी

आता थोडे गावकारभाऱ्यांशी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. गावातली झाडे, पिकांची जुनी वाणे, गुरांच्या जाती, पक्षी, औषधी पाला, देवराई आणि हे सगळे जाणणारी माणसे, या साऱ्यांची ती नोंद. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा राज्यभर घाईने वह्या भरल्या गेल्या. घाईत जे व्हायचे ते बऱ्याच ठिकाणी झाले. टेबलावर बसून याद्या उतरवल्या आणि वही कपाटात गेली. तुमच्या गावची वही कुठे आहे, शेवटची नोंद कधी झाली, हे एकदा उघडून बघा.

त्या वहीला खरी माणसे हवी असतील तर ती सुटीत गावातच असतात. सरपंचांनी एका रविवारी दवंडी देऊन आळीवार सात-आठ घरांचे गट करावेत. प्रत्येक गटात एक जुने माणूस, एक लिहिणारे पोर आणि मोबाईल असलेले एक पोर. मोबाईल पडवीत वाईट, रानात कामाचा. झाडाचा फोटो, पानाचा फोटो, कोणाच्या रानात, कशाच्या जवळ, आजी त्याला काय म्हणतात आणि कशाला वापरतात. नाव आजींच्याच तोंडचे लिहावे, पुस्तकी नको. एकाच झुडपाला दोन आळ्यांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत.

गावाच्या नावापासून सुरुवात करायला सोपे जाईल. पळशी, जांभुळणी, निमसोड, उंब्रज, पिंपोडे, चिंचणेर, बोरगाव ही आपल्याच जिल्ह्यातली नावे. नावात झाड दिसते, ते झाड शिवारात किती उरले ते मोजा. मग रानांची नावे घ्या. हिवराचे वावर, बोराटीचा माळ, आंबराई. सात-बारावर नुसता गट नंबर असतो, ही नावे फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. आंबराईत आंबा उरला नसेल तर तसे लिहा, तीही नोंदच आहे.

गायरान, ओढ्याचे पात्र आणि जुन्या पाणंदी यांवर अतिक्रमणाचे वाद गावोगाव आहेत. अशा जागेवर काय काय आहे याची, ग्रामसभेपुढे वाचून ठेवलेली, फोटोसह नोंद असली तर गावाला आपले म्हणणे मांडायला काहीतरी हातात राहते. नुसते "तिथं झाडं हुती" म्हणून भागत नाही.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. सावली नाहीशी होण्याचा दिवस मे महिन्यातच येतो. कोल्हापूरला ६-७ मे, साताऱ्याला १० मेच्या आसपास, पुण्याला १३-१४ मे, नागपूरला २६ मे. दुपारी साडेबाराच्या सुमाराला अंगणात उभी काठी रोवा, पाच मिनिटे बघा आणि सावलीत परत या. रोपांपैकी लिंबाचे काम पोरांकडे द्या. निंबोळ्या पिकून पडायला लागल्या की गोळा करून सावलीत वाळवायच्या. पाच किलो निंबोळीची भरड शंभर लिटर पाण्याला, हा पाच टक्के अर्क खरिपात फवारायला घरचाच होतो. किलोमागे पोरांना दोन पैसे द्या, फुकट राबवू नका.

रोहिणी २५ मेच्या सुमाराला निघते आणि मृग ७ जूनला. पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी हीच वाट पुन्हा धरा. त्या दिवशी वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या निघालेल्या असतील आणि मातीवर लाल मखमलीचा मृगाचा किडा फिरताना दिसेल. मुंबईच्या पोरांची परतीची तिकिटे काढताना तेवढे चार दिवस पुढची मिळाली तर बघा.